ई-मेल कुठे ठेवावा, जुने मेल कसे हलवावेत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादर ते मुलुंड पट्ट्यात घरोघरी जाऊन संगणकाची कामं करतो. प्रिंटर आणि वायफायच्या खालोखाल सगळ्यात जास्त विचारणा होते ती ई-मेलची. खातं भरलं, पासवर्ड विसरला, जुनं खातं नकोसं झालंय पण त्यातले मेल हवेत. तीच उत्तरं फोनवर किती वेळा सांगणार, म्हणून एकत्र लिहून ठेवली आहेत. सगळं वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा. मेल हलवायला बसणार असाल तर ‘कॉपी की मूव्ह’ हा प्रश्न मात्र आधी वाचा.

जीमेल भरलंय, मेल यायचे थांबलेत. दुसऱ्या कंपनीकडे जाऊ का?

थांबा. भरलंय ते बहुतेक वेळा मेलमुळे भरलेलं नसतं. गूगलची मोफत १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. १ जून २०२१ पूर्वी फोटो थोड्या कमी दर्जात ठेवले तर ते मोजले जात नसत. त्या तारखेनंतर चढवलेले सगळे मोजले जातात. अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच १५ जीबीत धरला जातो. म्हणजे चुलतभावांच्या ग्रुपवर आलेले विसर्जनाचे व्हिडिओ तुमच्या बँकेच्या मेलची जागा खातात. आधी गूगलच्या स्टोरेजच्या पानावर जाऊन कोण किती जागा घेतंय ते बघा.

मेलच जड असतील तर जीमेलच्या सर्चच्या चौकटीत उजव्या टोकाला असलेल्या खुणेवर क्लिक करा. तिथे आकार टाकता येतो. १० एमबीपेक्षा मोठे मेल काढा, हवी ती अटॅचमेंट उतरवून घ्या आणि मेल पुसा. मग ट्रॅशही रिकामा करा, नाहीतर तो माल ३० दिवस तिथेच पडून जागा अडवतो.

याहूवाल्यांचं दुखणं वेगळं. २०१३ पासून तिथे १ टीबी जागा मिळत होती, त्यामुळे कोणी काही पुसलंच नाही. २०२५ मध्ये ती २० जीबीवर आणली. तिथे खरोखरच आवरासावर करावी लागते.

मग खातं बदलावं कधी?

माझ्या मते पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण एकच: पत्ता तुमच्या हातात नसेल तेव्हा. ऑफिसचा पत्ता, कॉलेजचा पत्ता, इंटरनेटवाल्याने जोडणीबरोबर दिलेला पत्ता, हे सगळे दुसऱ्याचे.

मुंबईकरांनी हे एकदा बघितलेलं आहे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा फोर्टातल्या कितीतरी वकिलांनी, सीएंनी आणि निर्यातदारांनी तो ‘बॉम’ आणि आकडा असलेला लांबलचक पत्ता कौतुकाने व्हिजिटिंग कार्डावर छापला. २००२ मध्ये सरकारने कंपनीचा ताबा टाटांकडे दिला, २००८ मध्ये तिचं नाव टाटा कम्युनिकेशन्स झालं. कार्डं राहिली, पत्ते गेले. एमटीएनएलच्या ब्रॉडबँडबरोबर मिळालेला पत्ता अजून कोणी बँकेत दिलेला असेल तर आजच बदलून घ्या.

दुसरं कारण, खातं हरवलं तर परत मिळवायची सोय धड नसेल. तिसरं, गोपनीयता. याशिवाय नुसतं ‘ते नवीन चांगलं आहे म्हणे’ म्हणून बदलू नका. त्रास बराच असतो.

फिरवून नका सांगू. कोणतं घेऊ ते नाव सांगा.

घरातल्या वापरासाठी, ज्यांना काही शिकायचं नाही त्यांना जीमेल. १ एप्रिल २००४ ला आलं तेव्हा १ जीबी जागा ऐकून लोकांना एप्रिल फूल वाटलं होतं. आज जवळपास सगळ्यांना ते येतं, अडलं तर शेजारचा कॉलेजचा मुलगाही सोडवून देतो. ही सोय लहान नाही. आउटलुकही त्याच तोडीचं आहे, मेलसाठी १५ जीबी देतं. ज्यांचं काम वर्ड-एक्सेलमध्ये चालतं त्यांना ते बरं पडतं. (जुनं हॉटमेल ते हेच. १९९६ मध्ये सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी काढलं, पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं. हॉटमेलचा पत्ता असेल तर तो चालू ठेवायला हरकत नाही, आतून सगळं आउटलुकच आहे.)

झोहो मेल चेन्नईच्या कंपनीचं. जाहिराती नाहीत, मांडणी स्वच्छ आहे, स्वतःच्या डोमेनसाठी (म्हणजे पत्त्यात @ च्या पुढे येणारं आपलं स्वतःचं नाव) पाच जणांपर्यंत मोफत योजना आहे, प्रत्येकी ५ जीबी. छोट्या धंद्यासाठी मी बहुतेकदा हेच सुचवतो. पण एक मेख आहे. मोफत योजनेत आयमॅप मिळत नाही, म्हणजे ब्राउझर आणि त्यांच्या ॲपशिवाय दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये मेल उघडता येत नाहीत. आत जाणं सोपं, बाहेर पडताना पैसे भरावे लागण्याची शक्यता.

प्रोटॉन मेल स्वित्झर्लंडचं, २०१४ पासूनचं. मेल तिथे अशा कुलपात असतात की कंपनीलाही वाचता येत नाहीत. म्हणूनच पासवर्ड आणि रिकव्हरीची किल्ली दोन्ही हरवलं तर जुने मेल तुम्हालाही कायमचे बंद. पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहिणाऱ्यांना मी ते देत नाही. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने प्रोटॉन मेल भारतात बंद करण्याबाबत पावलं उचला असं केंद्र सरकारला सांगितलं होतं. बँकेचा एकमेव पत्ता तिथे ठेवताना हे डोक्यात असू द्या.

रेडिफमेल आपल्या मुंबईचं, अजित बालकृष्णन यांच्या १९९६ च्या कंपनीचं. पंचेचाळिशीच्या पुढच्या निम्म्या मराठी माणसांचा पहिला पत्ता तिथला. जिव्हाळा आहे, पण नवं खातं उघडायला आज तिथे जा असं मी म्हणणार नाही.

पैसे भरायची तयारी असेल तर ऑस्ट्रेलियाचं फास्टमेल १९९९ पासून हेच एक काम नेटाने करतंय.

निवडताना नेमकं काय तपासू?

जागा सगळ्यात शेवटी. आधी हे बघा: आयमॅप मिळतं का, तेही मोफत योजनेत? सगळे मेल एकगठ्ठा उतरवून घ्यायची सोय आहे का? मोबाईल नंबर बदलला तर खातं परत कसं मिळतं? आणि किती दिवस लॉगिन केलं नाही तर ते खातं पुसतात? बाहेर पडायची वाट जिथे दिसत नाही तिथे आत जाऊ नये.

स्वतःचं डोमेन घ्या म्हणतात. मला त्याचा काय उपयोग?

नुसतं घरगुती वापराचं खातं असेल तर फारसा नाही. दवाखाना, क्लास, सीएचं ऑफिस, कॅटरिंग, हाउसिंग सोसायटी यांना मात्र खूप.

मोफत खातं म्हणजे लीव्ह अँड लायसन्सची जागा. राहा निवांत, पण मालकाने अटी बदलल्या की तुम्हाला नव्याने वाटाघाटी करता येत नाहीत, आणि जागा सोडली की पत्ताही सुटतो. डोमेन तुमचं असेल तर पत्ता तुमच्या नावावर राहतो. आज मेल झोहोकडे, उद्या गूगलकडे, परवा आणखी कुठे, लोकांना काही कळवावं लागत नाही. ‘एमएक्स’ नावाची एक नोंद असते, या डोमेनचे मेल कोणाच्या सर्व्हरवर टाकायचे ते ती सांगते. कंपनी बदलली की तेवढी नोंद बदलायची. काही तासांत, फार तर दोनेक दिवसांत ती जगभर पोचते.

‘डॉट इन’ची सगळी व्यवस्था निक्सी या भारतीय संस्थेकडे आहे. डोमेन कोणत्याही नोंदणीदाराकडून मिळतं आणि वर्षाचा खर्च एका चांगल्या थाळीच्या आसपास असतो. पहिल्या वर्षीचा स्वस्त दर बघून भुलू नका, नूतनीकरणाचा दर विचारा.

आता भांडणं कुठे होतात ते सांगतो. सोसायटीचं डोमेन सेक्रेटरीच्या खासगी मेलवर आणि त्याच्या कार्डावर घेतलेलं असतं. निवडणूक होते, कमिटी बदलते, जुने सेक्रेटरी रुसतात किंवा ठाण्याला राहायला जातात, आणि नूतनीकरणाची सूचना जाते त्यांच्याच इनबॉक्समध्ये. डोमेन सोसायटीच्या नावाने घ्या, लॉगिन दोन पदाधिकाऱ्यांकडे ठेवा आणि कमिटीच्या सभेच्या इतिवृत्तात ते नोंदवा.

स्वतःच्या डोमेनवरून पाठवलेले मेल लोकांच्या स्पॅममध्ये जातात.

एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी केलेल्या नसतात म्हणून. हा मेल खरोखर आमच्याकडूनच निघाला, याची ग्वाही त्या नोंदी समोरच्या सर्व्हरला देतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने याबाबत नियम कडक केले. दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात, बाकीच्यांना पहिल्या दोनांतली निदान एक. मी तिन्ही करून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे.

मराठीतच पत्ता नाही का मिळत? देवनागरीत?

मिळू शकतो. ‘डॉट भारत’ २०१४ पासून आहे. पण बँकेच्या आणि सरकारी अर्जांतल्या कितीतरी चौकटी असा पत्ता स्वीकारत नाहीत. हौस म्हणून जरूर घ्या, एकमेव पत्ता म्हणून नको.

ऑफिसचा पत्ता सगळीकडे दिलाय आणि पुढच्या महिन्यात नोकरी सोडतोय.

तर आजपासून कामाला लागा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी लॉगिन बंद होतं, त्यानंतर एचआरला कितीही ‘प्लीज’ म्हणा. बँक, म्युच्युअल फंड, विमा, पीएफ, आयकराचं पोर्टल या सगळ्यांकडे खासगी पत्ता द्या. फॉर्म १६ कंपनीने १५ जूनपर्यंत द्यायचा असतो. तुम्ही एप्रिलात सोडली तर तो बंद पडलेल्या पत्त्यावर जाऊ नये, म्हणून एचआरकडे खासगी पत्ता लेखी देऊन ठेवा.

ऑफिसचे मेल मात्र हलवू नका. ते कंपनीचे आहेत. स्वतःच्या पगाराच्या पावत्या, नेमणुकीचं पत्र, मुलांच्या शाळेचे मेल एवढंच घ्यावं आणि तेही कंपनीचे नियम बघून. हे काम कोणी मला सांगितलं तर मी करत नाही.

पीओपी आणि आयमॅप यांत फरक काय?

पीओपी इनबॉक्समधले मेल तुमच्या संगणकावर उतरवून घेतं. सेंटमधले मेल, तुम्ही केलेले फोल्डर, काय वाचलं काय नाही, यातलं काही त्याला कळत नाही. आयमॅप मेल सर्व्हरवरच ठेवतं आणि तुम्हाला सगळे फोल्डर जसेच्या तसे दाखवतं. हलवाहलवीसाठी आयमॅपच हवं. सुरक्षित जोडणीचं पोर्ट आयमॅपचं ९९३, पीओपीचं ९९५.

कॉपी की मूव्ह?

कॉपी. नेहमी कॉपी.

मूव्हमध्ये मेल नव्या ठिकाणी लिहिला की जुन्या ठिकाणचा पुसला जातो. मधेच लाइट गेली, वायफाय तुटलं, नव्या खात्याची जागा संपली, तर कुठला मेल कुठे राहिला ते शोधत बसावं लागतं. कॉपीमध्ये जुनं खातं जागच्या जागी राहतं, बिनसलं तर पुन्हा करता येतं. थंडरबर्डसारख्या, संगणकावर मेल वाचायच्या प्रोग्रॅममध्ये एका खात्यातले मेल माउसने ओढून दुसऱ्यात टाकले तर ते मूव्ह होतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. ओढायचं नाही. राइट क्लिक करून ‘कॉपी टू’ निवडायचं.

बरं, प्रत्यक्ष कसं करायचं?

संगणकावर थंडरबर्ड घ्या. मोफत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. त्यात जुनं आणि नवं दोन्ही खाती आयमॅपने जोडा. डाव्या पट्टीत दोन्ही खाती एकाखाली एक दिसतील.

पहिल्यांदा कागदावर जुन्या खात्यातल्या प्रत्येक फोल्डरचं नाव आणि त्यातल्या मेलची संख्या लिहा. हा कंटाळा करू नका, शेवटी हिशोब याच कागदावर जुळवायचा आहे. मग नव्या खात्यात ‘जुने’ नावाचा एक फोल्डर करा आणि त्याच्या पोटात तशीच नावं. जुने मेल थेट नव्या इनबॉक्समध्ये ओतू नका, नाहीतर आजचा विजेच्या बिलाचा मेल २००९ च्या फॉरवर्डांखाली गाडला जाईल.

एखाद्या लहान फोल्डरपासून सुरुवात करा. ‘लग्न’, ‘गावचं घर’ असा काहीतरी असतोच. मेलच्या यादीत क्लिक करून कंट्रोल-ए, राइट क्लिक, कॉपी टू, नवं खातं, फोल्डर. खाली स्टेटसच्या पट्टीत आकडा सरकताना दिसेल. तो थांबला की नव्या खात्यात जाऊन संख्या कागदाशी ताडून बघा. सगळ्यात जुना मेल उघडा, एक अटॅचमेंटवाला उघडा आणि एक मराठीतला उघडा. तिन्ही नीट असतील तर पुढच्या फोल्डरकडे. मोठा इनबॉक्स असेल तर तारखेने लावून एकेका वर्षाचे मेल घ्या. दहा वर्षांचे एकदम घ्यायला गेलात तर प्रोग्रॅम मधेच गोठतो, आणि तो कुठे गोठला ते कळत नाही.

सेंट विसरू नका. लोक इनबॉक्स हलवून निश्चिंत होतात, आणि आपण काय लिहून पाठवलं होतं हे वर्षभराने लागतं तेव्हा डोक्याला हात लावतात.

ज्यांना कमांड लिहायची सवय आहे त्यांच्यासाठी आयमॅपसिंक नावाचं साधन आहे. ते पुन्हा चालवलं तरी आधी गेलेले मेल दुबार नेत नाही. एखाद्या ऑफिसने स्वतःचीच पाच-दहा खाती हलवायला सांगितली तर मी तेच वापरतो.

मोबाईलवरून होईल का हे?

नाही. संगणक लागेल. नसेल तर कोणाचा तरी दोन दिवस मागून घ्या. सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात मात्र हे करू नका.

पासवर्ड बरोबर आहे, ब्राउझरमध्ये चालतो, पण थंडरबर्ड घेत नाही.

बहुतेक कंपन्या आता बाहेरच्या प्रोग्रॅमला तुमचा नेहमीचा पासवर्ड वापरू देत नाहीत. थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये लॉगिनची पद्धत ‘ओऑथ२’ निवडा. कंपनीची स्वतःची लॉगिनची खिडकी उघडेल, तिथे परवानगी द्या. मायक्रोसॉफ्टने आउटलुक-हॉटमेलच्या खासगी खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून साध्या पासवर्डची पद्धत बंदच केली. जुन्या प्रोग्रॅमला ओऑथ येत नसेल तर गूगल आणि याहूमध्ये ‘ॲप पासवर्ड’ काढता येतो. गूगलचा सोळा अक्षरी असतो आणि त्यासाठी आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू असावं लागतं. काम झालं की तो ॲप पासवर्ड रद्द करा.

किती वेळ लागतो?

तुमच्या वायफायच्या वेगापेक्षा समोरच्या सर्व्हरच्या मर्यादेवर ते जास्त अवलंबून असतं. जीमेलमध्ये आयमॅपने दिवसाला साधारण ५०० एमबीच वर चढवता येतात. म्हणजे ५ जीबी मेल जीमेलमध्ये न्यायचे तर दहाएक दिवस धरा. जीमेलमधून खाली उतरवायची मर्यादा दिवसाला २,५०० एमबी आहे, ते बरंच लवकर होतं. मर्यादा ओलांडली की जीमेल काही काळ दार लावून घेतं. घाबरू नका, पासवर्ड पुन्हा पुन्हा मारू नका, दुसऱ्या दिवशी पुढे चालू करा.

जीमेलमधून मेल काढले तर सगळं दुप्पट-तिप्पट झालं!

कारण जीमेलमध्ये खरे फोल्डर नसतात, लेबलं असतात. एकाच मेलला ‘बँक’ आणि ‘महत्त्वाचं’ अशी दोन लेबलं असतील तर आयमॅपमधून तो दोन्हीकडे दिसतो, शिवाय ‘ऑल मेल’मध्ये तिसऱ्यांदा. सगळे फोल्डर कॉपी केले की तीन प्रती झाल्या. एकतर फक्त ऑल मेल घ्या आणि लेबलं सोडून द्या, नाहीतर लेबलांचे फोल्डर घ्या आणि ऑल मेल सोडा. दुसऱ्या पर्यायात लेबल नसलेले मेल मागे राहतात. मला विचाराल तर पहिला. एवढी वर्षं जपलेली लेबलं किती वेळा उघडली ते आठवून बघा. शोधायला तर सर्चच वापरतो.

हलवल्यावर सगळे मेल आजच्याच तारखेचे दिसतायत.

मेलच्या आत लिहिलेली तारीख जशीच्या तशी आहे. सर्व्हरकडे ‘हा मेल माझ्याकडे कधी आला’ अशी वेगळी तारीख असते आणि काही पद्धतींनी हलवलं की ती आजची होते. थंडरबर्डमध्ये ‘रिसीव्ह्ड’ऐवजी ‘डेट’च्या रकान्याने यादी लावा. आयमॅपसिंक ती तारीखही जुनीच ठेवतं.

एका बटणात नाही का होत? इम्पोर्ट म्हणून काहीतरी दिसतं.

होतं, आणि असेल तिथे जरूर वापरा. झोहोच्या सेटिंग्जमध्ये आयात आहे, प्रोटॉनचं ‘ईझी स्विच’ गूगल, आउटलुक, याहूमधून मेल ओढून आणतं. जीमेलमध्ये मात्र ‘दुसऱ्या खात्यातले मेल तपासा’ म्हणून पीओपीने ओढून आणायची जी जुनी वाट होती, ती जानेवारी २०२६ पासून बंद करत असल्याचं गूगलने जाहीर केलं. इंटरनेटवरचे दोन-चार वर्षं जुने व्हिडिओ अजून तीच वाट दाखवतात, त्यांच्या नादी लागू नका.

आणि मेल हलवून देतो म्हणून पासवर्ड मागणाऱ्या अनोळखी वेबसाइटला तो देऊ नका. तुमच्या मेलमध्ये शिरलेला माणूस बाकीच्या प्रत्येक खात्याचा पासवर्ड बदलू शकतो. दिलाच असेल तर लगेच बदला, आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

गूगल टेकआउट काय प्रकार आहे?

तुमच्या सगळ्या जीमेलची एक फाइल करून देतं, ‘एमबॉक्स’ नावाच्या साच्यात. हलवण्यापेक्षा राखणीसाठी ते उत्तम. मागणी नोंदवली की काही तासांनी, कधी दिवसांनी लिंक येते. ती आठवडाभरच चालते, आल्या आल्या उतरवून घ्या. फाइल डबल क्लिकने उघडत नाही. थंडरबर्डला ‘इम्पोर्ट-एक्सपोर्ट टूल्स एनजी’ हे ॲड-ऑन लावून ती ‘लोकल फोल्डर्स’मध्ये आणता येते. तिथून हवं तर आयमॅपने पुढच्या खात्यात.

कॉन्टॅक्ट्स आणि कॅलेंडर पण येईल ना?

आयमॅपने फक्त मेल येतात. कॉन्टॅक्ट्स सीएसव्ही किंवा व्हीकार्ड फाइलने, कॅलेंडर आयसीएस फाइलने वेगळं न्यायचं. फिल्टर पुन्हा हाताने करायचे.

२००२-०३ चे मराठी मेल कचऱ्यासारखे दिसतात. हलवताना खराब झाले का?

नाही, ते आधीपासूनच तसे आहेत. युनिकोड सर्वत्र रुळण्याआधी शिवाजी, किरण, श्रीलिपी अशा फाँटांत मराठी लिहीत. त्यात ‘क’ हे अक्षर म्हणून साठवलेलं नसतं. कुठल्या तरी रोमन अक्षराच्या जागी ‘क’चं चित्र बसवलेलं असतं. तो फाँट संगणकावर नसला की खालचं रोमन उघडं पडतं: मधेच डॉलरची खूण, उद्गारचिन्हं, कंस. मजकूर शाबूत असतो. जुना फाँट टाकून बघा, किंवा त्या त्या फाँटासाठीचं युनिकोड रूपांतर करणारं साधन वापरा. जोडाक्षरं आणि रफार हाताने दुरुस्त करावे लागतात.

वेगळा प्रकार म्हणजे मेल युनिकोडमध्येच आहे पण प्रश्नचिन्हांची रांग दिसते. थंडरबर्डमध्ये व्ह्यूच्या मेनूत ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ करून बघा. तरीही प्रश्नचिन्हंच राहिली तर पाठवणाऱ्याच्याच बाजूला मजकूर मोडला होता, तो आता परत येत नाही.

सोसायटीच्या पुनर्विकासाचा वाद आहे. बिल्डरचे मेल प्रिंट काढून ठेवले तर चालेल?

प्रिंट वाचायला ठीक. मूळ मेल पुसू नका. मेलच्या वरच्या भागात, एरवी आपल्याला न दिसणाऱ्या ओळींत, तो कुठल्या सर्व्हरवरून कधी निघाला याची नोंद असते. फॉरवर्ड केलं किंवा प्रिंट काढली की ती जाते. महत्त्वाचे मेल एकेक करून ‘ईएमएल’ फाइल म्हणून उतरवा आणि मूळ खात्यातही राहू द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते तुमच्या वकिलांना विचारा, पण त्यांच्याकडे जाताना हातात मूळ मेल असू दे. वाद चालू असताना खातं बदलायचं खूळ डोक्यात घेऊ नका.

नवा पत्ता कुठे कुठे कळवायचा?

नातेवाइकांना शेवटी कळवलं तरी चालेल, ते व्हॉट्सॲपवर आहेतच. पैशाशी संबंध असलेलं सगळ्यात आधी. बँका, डीमॅट, म्युच्युअल फंड (कॅम्स आणि केफिनटेक दोन्हीकडे), आयकराचं पोर्टल, पीएफ, एलआयसी. मग आयआरसीटीसी, डिजिलॉकर, महानगर गॅस, आणि विजेचं बिल ज्याचं येत असेल तो: शहरात बेस्ट, उपनगरात अदानी किंवा टाटा, भांडुप-मुलुंडला महावितरण. काही विसरतंय का ते बघायला जुन्या खात्यात ‘स्टेटमेंट’, ‘ओटीपी’, ‘वेलकम’ हे शब्द इंग्रजीत शोधा. दहा वर्षांपूर्वी काढलेलं आणि विसरलेलं एखादं खातं हमखास सापडतं.

त्याच बैठकीत रिकव्हरीचा मोबाईल नंबरही बघा. बंद केलेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या कोणालाही देऊ शकते. तुमच्या मेलची किल्ली मग त्या अनोळखी माणसाच्या खिशात.

बाबा गेले. त्यांच्या मेलमध्ये गुंतवणुकीची कागदपत्रं आहेत.

त्यांचा फोन आणि सिम चालू ठेवा, घाईने बंद करू नका. गूगलकडे मृत व्यक्तीच्या खात्यासाठी अर्ज करता येतो. मृत्यूचा दाखला लागतो, वेळ लागतो आणि मजकूर मिळेलच याची खात्री नसते. म्हणून हयात असताना ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये बायकोचं किंवा मुलांचं नाव घालून ठेवावं. पाच मिनिटांचं काम आहे. आईबाबांना हे कसं सुचवायचं ते तुम्हीच ठरवा. मी प्रिंटर दुरुस्त करायला गेलो की हळूच विषय काढतो.

सगळं हललं. आता जुनं खातं बंद करू?

करू नका. निदान एक पूर्ण आर्थिक वर्ष चालू ठेवा, म्हणजे वर्षातून एकदाच येणारे विम्याचे आणि कराचे मेल कळतील. जीमेल आणि आउटलुकमध्ये फॉरवर्डिंग मोफत लावता येतं. याहूने मोफत खात्यांचं फॉरवर्डिंग २०२१ च्या सुरुवातीपासून काढून घेतलं, तिथे स्वतः जाऊन बघावं लागतं. आणि जात राहा: गूगल दोन वर्षं न वापरलेलं खातं पुसू शकतं, याहू आणि आउटलुकच्या मेलपेटीला वर्षभराची मुदत आहे, प्रोटॉनच्या मोफत खात्यालाही तेवढीच. मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये दर सहा महिन्यांनी आठवण लावून ठेवा.

एक वर्षानंतरही मी बंद करायला सांगत नाही. जीमेलचा पुसलेला पत्ता पुन्हा कोणाला मिळत नाही, पण याहूने २०१३ मध्ये पडून राहिलेले पत्ते नव्या लोकांना वाटले होते. एखाद्या बँकेत तुमचा जुना पत्ता राहून गेला असेल तर पुढचा ओटीपी त्या नव्या माणसाला जाईल. मेल रिकामे करा, पासवर्ड नवा आणि लांब ठेवा, टू-स्टेप लावा आणि खातं तसंच पडू द्या.